बाईसाहेबांची बकुळ

कसबा बावड्याकडे जाणाऱ्या वाटेवर संस्थानच्या काळातली एक जुनी बाग होती. कागदोपत्री तिला कुठल्याशा साहेबाचं लांबलचक नाव होतं, पण ते उच्चारायची गावात कुणाची छाती नव्हती. गाव तिला बकुळबाग म्हणायचं, आणि बकुळबागेत जाऊन आकाराम माळ्याच्या गोष्टी न ऐकता परत आलेल्या माणसाने बाग बघितली, असं कुणी धरत नव्हतं.

आकारामचा बाप त्याच बागेत माळी होता, आजाही तिथेच होता. बागेच्या मागच्या अंगाला विहिरीजवळ माळ्याची दोन खणांची खोली होती, तिथेच आकाराम जन्मला, तिथेच त्याचं लग्न झालं आणि तिथेच त्याची एकुलती एक लेक चिमणाबाई रांगली. माणूस कामाला वाघ होता, पण त्याच्या हातापेक्षा त्याची जीभ जास्त चालते असं त्याची बायको बाळाबाई म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं.

बागेत एक हौद होता. माहूत मेल्यावर एक हत्तीण त्या हौदात जाऊन उभी राहिली, ती कुणाच्या बापाला ऐकेना, शेवटी महाराज स्वतः काठावर येऊन हात जोडून उभे राहिले तेव्हा कुठे बाहेर आली, असं आकाराम सांगायचा. कारंज्याजवळ दगडी मोर होता. तो पाऊस येण्याआधी मान वळवतो म्हणे. आकारामने स्वतः ते कधी बघितलं नव्हतं, पण सांगताना स्वतःचीच मान अशी काही हळूच वळवायचा की ऐकणारा दचकून मोराकडे बघायचा. यात खरं किती आणि मीठमसाला किती, हे त्याचं त्यालाही ठाऊक नसावं. ऐकणाऱ्याचे डोळे मोठे झाले की त्याचं पोट भरायचं.

पण बकुळीची गोष्ट निराळी होती. ती सांगताना तो मीठमसाला लावत नसे, कारण ती त्याच्या बापाने त्याला शिकवली होती, आणि बापाला आज्याने.

फार पूर्वी कोकणच्या बाजूने एक बाईसाहेब लग्न होऊन कोल्हापूरला आल्या. वय कोवळं. घाट चढून मेणा वर आला तेव्हा त्यांच्या मांडीवर मातीचं एक बोळकं होतं, आणि त्या बोळक्यात माहेरच्या परसातलं बकुळीचं रोप. ते त्यांनी इथे लावलं आणि भोवती बाग उठवली. बाईसाहेबांना मूलबाळ झालं नाही. त्या रोज संध्याकाळी झाडाखाली येऊन बसत आणि म्हणत, हेच माझं लेकरू. त्या वारल्या तेव्हा झाड पोरसवदा होतं. गोष्ट एवढीच. ती सांगून झाली की आकाराम खाली पडलेली ओंजळभर फुलं उचलून संस्थानच्या पाहुण्यांच्या हातात द्यायचा आणि गप्प राहायचा. बापही तसंच करायचा.

चिमा गडमुडशिंगीच्या कृष्णातला दिली होती. लग्नानंतरच्या पहिल्या नागपंचमीला, म्हणजे संस्थान विलीन होण्याच्या आदल्या श्रावणात, ती माहेरी आली. नव्या नवरीला पंचमीचा झोका हवाच. चिंचेच्या झाडाखाली पावसाने चिखल झाला होता, म्हणून ती म्हणाली, "आबा, औंदा बकुळीला बांधा की. आडवी फांदी हाय, बाग बंद हाय, कोण बघतंय?"

आता बाईसाहेबांच्या बकुळीला झोका बांधायचा, म्हणजे केवढं धाडस! पण लेक सासरहून पहिल्यांदा आलेली. आकारामने मोटेचा नाडा आणला आणि स्वतःच्या हाताने फांदीवर टाकला. चिमा उभ्याने झोका चढवत होती, लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला, तोंडात पंचमीचं गाणं, आणि बाळाबाई खालून ओरडत होती, "आगं हळू, भवाने, हळू!" फांदी आतून किडलेली होती हे कुणाला माहीत? कडाड आवाज झाला. चिमा खाली आपटली, आणि फांदी सालीच्या एका पट्ट्यावर लोंबत राहिली. मोडल्या जागेतून पांढरा चीक ठिबकायला लागला.

आकाराम आधी झाडाकडे धावला.

"आबा, माजं कोपर तरी बघा की आधी!" चिमा ओल्या मातीत बसून हसत होती. कोपरातून रक्त येत होतं आणि ही हसत होती, अशी ती पोर.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजवाड्याच्या खासगीचे कारभारी फेरी मारायला यायचे होते. लोंबती फांदी बघितली असती तर आकारामची नोकरी, खोली, सगळं गेलं असतं. त्याने कोयता काढला. तेव्हा मात्र चिमाचं हसू थांबलं. पंचमीला कुणी चिरत नाही, कापत नाही. भाजीसुद्धा विळीवर घेत नाहीत, जमिनीत कुदळ घालत नाहीत. ती म्हणाली, "आबा, आज नगा. आज पंचमी हाय." आकाराम म्हणाला, "झाडाला कुठली पंचमी?" आणि त्याने फांदी साफ उतरवली, जखमेवर शेणमाती लिंपली, वर गोणपाट बांधलं. फांदी विहिरीमागे पुरली. तिघांनी ही गोष्ट पोटात घातली, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत आकाराम ती विसरलाही. तिथेच त्याचा घात झाला.

मार्चमध्ये संस्थान मुंबई राज्यात गेलं. फाटकावरचा पहारेकरी गेला, कारभारी गेले, आणि बाग सगळ्यांना उघडी झाली. चांगलंच झालं म्हणायचं. ज्या बागेच्या भिंतीवरून पोरं नुसती नाक वर करून बकुळीचा वास घेत होती, ती पोरं आत आली. पण आली ती काही पाहुण्यासारखी आली नाहीत. गुलाब ओरबाडले, हौदात लुगडी धुतली, दगडी मोराची चोच उडवली. बकुळ बहरली होती. बकुळीची फुलं खाली पडलेली वेचायची असतात, पण धीर कुणाला? माणसं वर चढून फांद्या गदागदा हलवायची. आकाराम शिव्या घालत हिंडायचा. त्याला कुणी भीक घालत नव्हतं. "आता राजा गेला, माळीबुवा!" म्हणून हसायचे.

एक दिवस एका जवान गड्याने, बायकोला गजरा हवा म्हणून, मनगटाएवढी फांदी फुलांसकट मोडून खाली टाकली. बायको शेजारी उभी, नवीच दिसत होती. आकारामच्या अंगाचा तिळपापड झाला. हातात काठी होती, पण काठीने काय होणार? तो जिभेचा माणूस. त्याने दोन्ही हात वर केले आणि सगळ्या बागेला ऐकू जाईल असा ओरडला, "बाईसाहेबांचं लेकरू मोडलंस लेका! बाईसाहेबांचा सराप हाय ह्या झाडावर! जो ह्याची फांदी मोडंल त्याच्या घरात पाळणा हलायचा न्हाय!"

वर चढलेली माणसं भराभर खाली उतरली. त्या पोरीने अंगावर पाल पडावी तसा हातातला गजरा टाकला. गडी पांढरा पडला. त्याने फांदी उचलून बुंध्याला टेकवली, झाडाच्या पाया पडला, आणि दोघं मागे न बघता निघून गेले.

त्या दिवसानंतर बकुळीला कुणी हात लावला नाही. आकारामने वर्षभर बोंबलून जे झालं नव्हतं, ते एका वाक्याने झालं. मग तो ते वाक्य सोडतो कशाला? बापाच्या गोष्टीच्या शेवटी त्याने ते जोडून टाकलं. आधी आवाज खाली आणायचा, थोडं थांबायचं, बुंध्यावर तळवा ठेवायचा, आणि मग म्हणायचं, "त्याच्या घरात पाळणा हलायचा न्हाय." ऐकणाऱ्या बायका पदर सावरून मागे सरायच्या. बाळाबाई एकदा म्हणाली, "आवं, कशाला असलं वंगाळ बोलायचं?" तर तो म्हणाला, "झाड वाचलं न्हवं? मग झालं तर."

हळूहळू झाडाला हिरव्या बांगड्या आल्या, खण आले, चिंध्यांचे बारके पाळणे फांद्यांना टांगले गेले. बागखात्याच्या नव्या साहेबांना ही आख्यायिका फार आवडली. त्यांनी आकारामकडून ती ऐकून घेतली आणि झाडापाशी पत्र्याचा रंगवलेला फलक लावला. फलकावर बाईसाहेब होत्या, बोळकं होतं, आणि शेवटी शापही होता. आकारामला वाचता येत नव्हतं, पण फलकाकडे बघताना त्याची छाती फुगायची.

इकडे मुडशिंगीत चिमाचा पाळणा हलत नव्हता. सासू धोंडुबाई वाईट बाई नव्हती, उगाच तिच्या माथी खापर फोडू नये. तिने सुनेला नृसिंहवाडीला नेलं, संगमावर अंघोळ घातली, मिरजेच्या डॉक्टरीणबाईकडेही नेलं. "हुईल की, आमच्या थोरलीला कुठं लौकर झालं?" म्हणायची. कृष्णात तर बायकोवर जीव टाकणारा. चिमाही हसत होती. तिच्या हसण्याला खरं म्हणजे अजून काही झालं नव्हतं.

दोन पावसाळ्यांनंतर ती पंचमीला माहेरी आली. एस.टी.तून उतरून ती मागच्या वाटेने न येता मोठ्या फाटकातून, माणसांबरोबर, हौसेने आत आली. बकुळीखाली बायकांचा घोळका होता आणि आकाराम गोष्ट सांगत होता. रंगात आला होता. घाट झाला, मेणा झाला, बोळकं झालं. आवाज खाली आला. बुंध्यावर तळवा गेला. आणि तेवढ्यात बायकांच्या डोक्यांवरून त्याला चिमा दिसली. हातात पिशवी, पदर दातात धरलेला, आणि नजर आकारामकडे नव्हती. वर, बुंध्यावर जिथे आडवी फांदी होती, तिथल्या वाळलेल्या गाठीकडे ती बघत होती.

त्या क्षणी त्याला सगळं आठवलं: नाडा, कडाड आवाज, कोयता, पंचमी. त्याने तोंड मिटायला हवं होतं. पण बायका वाट बघत होत्या, आणि जिभेला त्या वाक्याची इतकी सवय झाली होती की ते आपणहून बाहेर पडलं. "जो ह्याची फांदी मोडंल त्याच्या घरात पाळणा हलायचा न्हाय."

चिमाने मान हलवली. कुणी आपल्याला फार दिवस न सापडलेली वस्तू शोधून द्यावी आणि आपण मान हलवावी, तशी हलवली.

दिवेलागणीला चुलीपुढे बसून आकारामने तिला सगळं सांगितलं. शाप बापाच्या गोष्टीत नव्हता, मी रागाच्या भरात तोंडाला आलं ते बोललो, लोकांनी धरलं, म्हणून चालू ठेवलं. बाळाबाईही म्हणाली, "खरं हाय गं. ह्यांच्या जिभेला हाड न्हाय, तुला ठावं न्हाय व्हय?"

चिमाने शांतपणे ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "आबा, मला बरं वाटावं म्हणून सांगताय न्हवं?"

"आगं, न्हाय!"

"मग सरकारनं पाटी कशी लावली? सरकार खोटं लिवंल व्हय?" आणि मग, हळू आवाजात, "त्या दिशी फांदीतनं दूध गळत हुतं, आबा. म्या बघितलंय. लेकराच्या तोंडचं दूध तोडलं आपण, आनि ते बी पंचमीला."

"आगं चीक त्यो! बकुळीला चीक असतोच!" आकाराम उठून उभा राहिला. "अंबाबाईची आन घेऊन सांगतो..."

चिमाने झटकन उठून त्याच्या तोंडावर हात ठेवला. "खोटी आन घिऊ नगा, आबा. माज्यापायी तुमास्नी आनि काय व्हायला नगं." आकाराम तिचा हात बाजूला करू बघत होता आणि ती तो घट्ट दाबून धरत होती. असा माणूस मी दुसरा बघितला नाही, ज्याची खोटी गोष्ट गावाने खरी धरली आणि खरी शपथ घरच्यांनी घेऊ दिली नाही.

सासरी गेल्यावर तिने स्वतःच्या तोंडाने सासूला सगळं सांगितलं. फांदी माझ्या झोक्याने मोडली म्हणाली, कोयत्याचं नाव काढलं नाही. बाप त्यातून वगळला. धोंडुबाईने आधी उडवून लावलं, पण असली गोष्ट एकदा घरात शिरली की उंबऱ्याबाहेर जात नाही. चिमा कुणाच्या बाळंतपणाला जाईना, बारशाला पाळण्यापासून लांब उभी राहू लागली. नवऱ्याचं अंथरूण वेगळं केलं. आणि एके दिवशी तिनेच पंचांपुढे काडीमोड मागितली, कारण दुसरी बायको करायची तर आता कायदा आडवा येत होता.

आकाराम धावत मुडशिंगीला गेला. कृष्णात गोठ्यात होता. आकारामने डोक्याचं पागोटं काढलं आणि जावयाच्या पायाशी ठेवलं. "पावणं, सगळं म्या केलंय. ती गोष्ट खोटी हाय. तिला सोडू नगा."

कृष्णातने पागोटं उचलून परत त्याच्या हातात दिलं. त्याचे डोळे लाल होते. "मामा, मला ठावं हाय खोटं हाय ते. माजा सरापावर इस्वास न्हाय. पन मी काय करू? जेवताना पान वाढती आनि दारात जाऊन बसती. म्हनती, माजी सावली घरावर नगं. तुमीच सांगा की तिला."

"सांगितलं की रं."

"मग?"

दोघं पुरुष गोठ्यात उभे राहून रडले, आणि म्हशी त्यांच्याकडे बघत रवंथ करत राहिल्या.

पंचांसमोर चिमाने वाळकी काडी दोन्ही हातांत धरली, मोडली, आणि गळ्यातलं डोरलं सोडून सासूच्या ओटीत घातलं. चिमानेच पाहून ठेवलेल्या सोयऱ्याच्या मुलीशी कृष्णातचं लग्न झालं, आणि पुढच्याच वर्षी मुडशिंगीच्या त्या घरात पाळणा हलला. माहेरी परत आलेल्या चिमाला कळलं तेव्हा तिने देवापुढे साखर ठेवली. "बघा आबा," ती म्हणाली. बस, एवढंच. आकारामला वाटलं, शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

तो कुऱ्हाड घेऊन झाडापाशी गेला तो दिवस बाळाबाईला शेवटपर्यंत आठवत होता. भर दुपारी, लोकांदेखत एक फांदी तोडून दाखवायची आणि म्हणायचं, बघा, मला काय होतंय! कुऱ्हाड उचललीही. मग हात तसाच राहिला. त्याला काय होणार होतं? त्याच्या घरात पाळणा हलायचा तो चिमाचाच हलायचा होता. फांदी तोडून सिद्ध काय करायचं आणि कुणाच्या जिवावर? त्याने कुऱ्हाड खाली ठेवली.

मग त्याने गोष्ट पुन्हा बापासारखी सांगायला सुरुवात केली, शापाशिवाय. लोक ऐकून घेत नव्हते. "आवं, पाटीवर तर लिवलंय की! शेवट खाल्लासा व्हय, माळीबुवा?" तो म्हणायचा, शेवट खोटा आहे. लोक म्हणायचे, म्हातारा विसरायला लागला. साहेबांना फलक काढायला सांगायला गेला तर साहेब हसले. या फलकामुळेच तर बाग राहिली आहे, म्हणाले. शेवटी आकारामने गोष्टी सांगणंच सोडलं. हौद मुका झाला, दगडी मोराने मान वळवणं थांबवलं. कुणी विचारलं तर तो झारी उचलून दुसरीकडे जायचा. बकुळबागेत जाऊन गोष्ट न ऐकता माणसं परत यायला लागली.

पण ती गोष्ट काही अशी सुटणारी नव्हती.

चिमा सकाळ-संध्याकाळ बकुळीला पाणी घालायची, खालची फुलं वेचायची, बायकांनी टांगलेले पाळणे पावसात कुजले की काढून नवे बांधायची. केस लवकर पांढरे झाले. बायका तिच्याशी बोलू लागल्या. आणि एका पंचमीला, वाफ्याला पाणी देत असताना, आकारामच्या कानावर आवाज आला. घाट झाला, मेणा झाला, बोळकं झालं. आवाज खाली आला. मध्ये थोडं थांबणं, तेही जिथल्या तिथे. आकारामने मान वर केली. चिमाचा तळवा बुंध्यावर होता.

"जो ह्याची फांदी मोडंल त्याच्या घरात पाळणा हलायचा न्हाय," ती म्हणाली. मग तिने वरच्या गाठीकडे बोट केलं आणि त्याच्या गोष्टीत नसलेलं एक वाक्य स्वतःचं जोडलं. "ती म्या मोडली. माज्याकडं बघा, आनि पोरीबाळींना सांगा."

एकीने चिमाच्या पायांना हात लावला. चिमाच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांनी काहीतरी आलं होतं. ते हसू नव्हतं, पण आपण कुणाच्या तरी उपयोगाला आलो, असं वाटणाऱ्या माणसाच्या तोंडावर जे येतं ते होतं. घोळक्यातली एक चौकस म्हातारी आकारामकडे वळली आणि मोठ्याने म्हणाली, "काय वो माळीबुवा, तुमी जुनं मानूस. खरं हाय का वो हे?"

सगळ्या वळून बघायला लागल्या. चिमाही बघायला लागली. लहानपणी दगडी मोर खरंच मान वळवतो का, असं विचारताना ती अशीच बघायची.

आकारामच्या हातातल्या झारीचं पाणी त्याच्या पायांवर सांडत होतं. नाही, हा शब्द त्याने आजवर कितीदा उच्चारला होता, आणि एकदाही तो कुणी घेतला नव्हता. आता तो घेतला गेला असता, आणि त्या पोरीच्या हाताशी उरलं होतं तेवढंही गेलं असतं. नवरा गेला, घर गेलं, ते उगाच, एका माळ्याला राग आला म्हणून गेलं, एवढंच तिच्यापाशी उरलं असतं.

"व्हय," आकाराम म्हणाला. "खरं हाय."

चिमाने मान हलवली आणि ओंजळीतली फुलं बायकांना वाटायला लागली. आकाराम झारी भरायला विहिरीकडे गेला तो बराच वेळ परत आला नाही. बाळाबाई बघायला गेली तर तो विहिरीमागे, जिथे फांदी पुरली होती तिथे, तोंडात धोतराचा सोगा कोंबून बसला होता.

त्यानंतर तो फार जगला नाही. बकुळ मात्र उत्तम वाढली. तिची एक काडीही पुन्हा कुणी मोडली नाही.